चिलापीच्या तोंडातली पिल्लं

मंडळी, आज सकाळपासून डोकं सुन्न हाये, म्हणून इथं लिहून राह्यलो.

बाबासंग अडाण नदीवर जाळं टाकाले गेलो होतो. जाळं भरून आलं, पण सारी चिलापीच. ही बाहेरून आलेली मासोळी बाकीच्यांची अंडी खाते. मरळ, शिंगी आमाले दोन वर्षांत दिसली नाई. घरी रोज चिलापीचाच रस्सा.

एक मोठी मादी बाबानं उचलली, तं तिच्या तोंडातून बारीक पिल्लं भराभर बाहेर पडली. ही जात पिल्लं तोंडातच सांभाळते. बाबानं ते ओंजळीत घेतले आन पाण्याकडं वाकले. लहान मासोळी नदीले परत द्यायची, हे त्यायनं जन्मभर पाळलं.

मी म्हटलं, "बाबा, सोडता कायले? हेच तं नदी खाऊन राह्यले."

बाबा थांबले. मंग ओंजळ माह्यापुढं धरली. "घे. तूच फेक काठावर."

पिल्लं माह्या हातात वळवळत होते. माह्यानं नाई झालं. मी पाण्यातच सोडले.

दुपारी आईनं रस्सा वाढला, तं मी ताट तसंच ठेवून उठलो. ते पिल्लं काठावर फेकणं तुमच्यानं झालं असतं काय?