काजळीची जात

येलदरीच्या धरणाखाली, पूर्णेच्या काठावर धुरपदाबाई मासोळी निवडायला बसल्या की डोळे गावभर फिरत आणि हात आपलं काम करत. कुणाच्या मोटारसायकलवर कोण बसलं हे टिपताना बोटं मात्र पाटीतली खवली एकीकडे आणि काजळी दुसरीकडे टाकत राहायची. खवली म्हणजे नेहमीची, वीतभर वाढणारी मासोळी; काजळी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी. डोळ्याखाली काळा ठिपका, दृष्ट लागू नये म्हणून आईने लावावा तसा.

त्यांचे मालक आप्पाराव चाळीस वर्षं जाळं टाकत होते आणि चाळीस वर्षं एकच म्हणत होते, "अगं, खवलीचं पिल्लू हाय ते. उगं कशाला येगळं करायलीस?"

"तुमच्या लेखी आसंल पिल्लू. तव्यावर खवलीच्या आधी करपतंय. जात येगळी हाय."

नवरा-बायकोत दुसरे वाद नव्हते असं नाही, पण एवढा टिकाऊ एकही नव्हता.

अशात एका आषाढात परभणीच्या कॉलेजातल्या प्रियदर्शनी मॅडम पूर्णेतल्या माशांची यादी करायला आल्या. सोबत भिंग, मोजपट्टी आणि बरण्या. धुरपदाबाईंनी आपले दोन्ही ढीग पुढे सरकवले. मॅडमनी काजळी भिंगाखाली उलटी धरली, सुलटी धरली आणि गोड आवाजात निकाल दिला, "मावशी, ही खवलीचीच पिल्लं वाटतात हो. लहानपणी ठिपका असतो, मोठेपणी जातो."

आप्पाराव असे फुलले की जणू सरपंच निवडून आले. "म्या काय सांगायलोय इतके साल? आता शिकल्याल्या मानसाचं तरी ऐक!"

धुरपदाबाईंनी पदर खोचला. आज गप्प बसलं तर हे वाक्य उरलेला जन्मभर भाकरीसोबत ऐकावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ढिगातली एक पोटफुगी काजळी उचलली, अंगठ्याच्या नखाने पोट चिरलं आणि मॅडमच्या तळहातावर दाबलं. खसखशीसारखी अंडी सांडली.

"मॅडम, पिल्लाच्या पोटात अंडी कशी वो?"

मॅडमनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, हुबेहूब काजळी. मग साडीची पर्वा न करता चिखलात मांडी घालून बसल्या. "मावशी, अशा आणखी काढा बरं."

पुढची दोन वर्षं काजळीचे खवले मोजले गेले, काटे मोजले गेले, मांसाचा तुकडा तपासायला पुण्याला गेला. आप्पाराव म्हणाले, "आपलं लगीन जमवताना बी येवढी चौकशी झाली न्हवती."

शेवटी मॅडम छापलेला कागद आणि पेढे घेऊन आल्या. "मावशी, नवी जात! आजवर कुठंच नोंद नव्हती."

"नवी कशाची? माझ्या सासूच्या सासूनं खाल्ली ती."

"तुमचंच नाव देणार होते, तुम्हीच नको म्हणालात."

"मग? धुरपदा तव्यावर टाका, धुरपदा करपली, आसं बोलू द्यू लोकाला? नदीचं लावलं ते बेस केलं."

पुढच्या बाजारात कुणा गिऱ्हाइकाने ढिगाकडे बोट दाखवलं, "ही पिल्लं कशी दिली?"

आप्पाराव ताठ झाले. "पिल्लं न्हाईत, पाव्हणं. काजळी हाय. जातच येगळी. पोटात अंडी बगा की!"

धुरपदाबाईंचे हात निवडत राहिले. फक्त आज डोळे गावभर फिरत नव्हते, मालकांवर होते.

"अवो," त्या म्हणाल्या, "करपतंय लवकर, ते बी सांगा त्यास्नी."