हातांवर बसणारी

समोरचा माणूस मोबाइलशी झटत असला, की ती आपले दोन्ही तळहात मांडीखाली घालून त्यांवर बसायची. का, तर हात आपसूक मदतीला धावतात म्हणून. तुम्हीही पाहिलं असेल, कुणी बटण शोधत असलं की आपलं बोट कसं शिवशिवतं. माझं तर सगळं अंग शिवशिवतं! ती मात्र हलायची नाही. "घाई नाही, मावशी," एवढंच म्हणायची.

तिला या कामात मी आणलं, हे आधीच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. साबण कुठला वापरता, चहा कुठला पिता, असं सोलापुरात घरोघरी विचारत फिरण्यात माझं आयुष्य गेलं. ती मैंदर्गी गावची, घरात कानडी बोलणारी, अबोल. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अगं, तोंड उघड की! मुक्या माणसाला कोण काय सांगणार?"

ती हसली. "अक्का, तुमी बोलताय की. मी ऐकते."

मग पुण्याची एक कंपनी आली. दवाखान्याची वेळ घ्यायचं ॲप लोकांना वापरता येतं का, ते कंपनीला बघायचं होतं. याला युजर रिसर्च म्हणतात, हे मला मागाहून कळलं. जी चांगलं काम करेल तिला इथल्या गटाची प्रमुख करू, असं कंपनीचे साहेब म्हणाले. मी तर घरी सांगूनसुद्धा टाकलं, झालेच म्हणून.

कंपनी एकाच घरी दोघींना वेगवेगळं पाठवायची. पूर्व भागात बिड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. सकाळी मी गेले. त्यांचं बोट अडलं, मी पटकन बटण दाबून दिलं, चहा प्याले, नातीच्या लग्नाचं सगळं ऐकलं आणि कागदावर लिहिलं, 'सोपं आहे.' दुपारी ती गेली. हातांवर बसून राहिली. मावशींनी सुपातल्या दहा-बारा बिड्या वळल्या, तरी ही गप्प. शेवटी मावशीच बोलल्या, "लाल हाय की ते. दाबलं अन् फोनच बंद पडला तर? पोरगा लई वरडतो."

"मग सकाळी कसं जमलं?"

"ती बोलकी बाई आलती न्हवं, तिनंच दाबलं."

तिनं हे जसंच्या तसं लिहून दिलं आणि ॲपमधलं बटण हिरवं झालं. प्रमुख ती झाली.

दोन दिवस जेवले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. जेवले, पण शेंगाचटणीसुद्धा सपक लागली, यावरून काय ते समजा. 'गप्प बसायचा पगार मिळतो तिला,' असं मी गल्लीभर सांगत सुटले.

एकदा पुण्याचे मोठे साहेब आले. तिनं त्यांना मावशींसमोर जमिनीवर बसवलं. साहेब समजावून सांगायला लागले, तशी ही म्हणाली, "थांबा, साहेब. मावशी बोलतायत." आणि साहेब थांबले! मी असते तर शेजारून खुर्ची आणली असती. ते बघून मी आणखीच जळले, कारण तिची जागा तिला शोभत होती.

माझ्या त्या 'सोपं आहे'चं तिनं कधी नावही काढलं नाही. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं.

पुढे पुण्याच्या ऑफिसात तिला सगळ्या रिसर्चची मुख्य केलं. निघायच्या दिवशी खाली रिक्षा थांबवून ती माझ्याकडे आली. मी तेव्हाच बाजारातून येत होते. भाजीची पिशवी घेऊन तीन मजले मी तिच्या पुढे चढले. ती मागून धापा टाकत आली.

"अक्का, इथला गट तुमी सांभाळा. मी साहेबांना सांगितलंय. परक्या घरात शिरून आपलं व्हायचं, ते पोरींना तुमीच शिकवू शकता."

ज्या जागेसाठी जळले, ती जागा. पण तिच्या हातून! मी म्हटलं, "नको गं. गुडघे गेलेत माझे."

तिनं एकदा माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "बरं. जपा," म्हणाली, पाया पडली आणि उतरली.

दार लावलं आणि मला काय झालं कोण जाणे. "अगं थांब, करते मी!" असं ओरडत तीन मजले धावत उतरले. रिक्षा कोपऱ्यावर वळत होती. मागच्या काचेतून तिचं डोकं तेवढं दिसलं, पुढे बघणारं.

ती जागा अजून भरलेली नाही, असं ऐकते. तिचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणाल, मग करा की फोन.

करते हो, करते.