सलामीचे पाच बार

“राज्य हाय म्हणल्यावर ह्ये पायजेच की,” असं म्हणून आमचे हवालदार अण्णा अंगातला डगला खाली ओढायचे. डगला आखूड होता. तो पुन्हा वर जायचा.

खानापूरकडच्या आमच्या संस्थानाची हद्द सायकलवरून न्याहारीच्या आत फिरून व्हायची. पण राजेसाहेबांना राज्याची हौस दांडगी. शहापूरच्या विणकराकडून त्यांनी निशाण विणून घेतलं. त्यावरचा सिंह मांजरासारखा उतरला, तरी अण्णांनी त्याला कडक सलाम ठोकला. मग न्यायकचेरी झाली, बँड झाला, राजमुद्रा झाली. सैन्य म्हणजे अण्णा, चार शिपाई आणि बुरुजावरची जुनी तोफ. मी दफ्तरात कारकून. तुम्हीही अशी राज्यं पाहिली असतील.

उणी होती ती तोफेची सलामी. तो मान इंग्रज सरकारने आम्हाला दिलेला नव्हता. युवराज जन्मले तेव्हा राजेसाहेबांनी माझ्यासमोर अण्णांना तोंडी हुकूम दिला, आणि भर दुपारी पाच बार झाले.

आवाज बेळगावपर्यंत गेला नसेल, बातमी गेली. आठवड्याभरात गोरा साहेब चौकशीला आला. हुकूम कुणाचा, असं त्याने विचारलं. राजेसाहेब म्हणाले, आम्हाला काहीच ठाऊक नाही. मी दुभाष्या होतो. तेवढंच काम केलं.

अण्णांनी राजेसाहेबांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “भातात डुकरं शिरलती, साहेब. हाकलत हुतो.”

पाच बार, तेही सारख्या अंतराने? साहेबाने विचारलं.

“राज्याची डुकरं हायत. मोजूनच हाकलावी लागत्यात.”

साहेबाला हसू आवरेना. राजेसाहेब वाचले. मात्र या माणसाला आजच काढा, असं बजावून तो गेला.

बडतर्फीचं पत्र मीच लिहिलं. नवी राजमुद्रा त्यावर सुरेख उठली. अण्णा माझ्या मेजाशी, परत करायच्या डगल्याची घडी घालत होते. मी बोलायला हवं होतं, असं मी कसंबसं म्हणालो.

“तू बोलला असतास, तर आपल्या दोघांची पत्रं कुणी लिवली असती रं?”

पुढे ते वडगावला मेहुण्याच्या हातमागावर विणायला बसले, असं कानावर आलं. इकडे ते कधी फिरकले नाहीत.

गढीचा मोठा दरवाजा फक्त राजेसाहेबांच्या स्वारीसाठी उघडायचा. आम्ही सगळे त्यातल्या लहान दिंडीदरवाजातून वाकून जायचो. बडतर्फीच्या त्या दिवशी चौघा शिपायांनी, कुणाला न विचारता, मोठा दरवाजा सताड उघडला. अण्णा थबकले. मग उघड्या अंगाने, न वाकता, बाहेर पडले.