सरकारी इमारतीतला गृहप्रवेश

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हळदीकुंकू लावलेला एक नवाकोरा झाडू अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरलोही. हा झाडू मात्र राहिला.

छत्तीसगड तेव्हा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं आणि रायपूर राजधानी. राजधानी म्हटली की इमारती आल्या, आणि इमारती आल्या की भूमिपूजनं, उद्घाटनं आली. मी गुढियारीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. माझे निम्मे शिपाई कायम बंदोबस्तात असायचे. चोरामागे धावायला माणूस मिळत नसे, मंडपापाशी उभं राहायला मिळे.

हद्दीत जुन्या क्वार्टरांची एक वस्ती पाडली होती. पुनर्विकासाची योजना कागदावर चांगली होती. रस्त्याकडेची जागा व्यापाऱ्यांना विकायची, त्या पैशातून मागच्या बाजूला जुन्या रहिवाशांसाठी पक्की घरं आणि मध्ये एक सार्वजनिक इमारत बांधायची. इमारतीत वाचनालय, सभागृह, वॉर्डाचं कार्यालय. प्रत्यक्षात इमारत आधी उभी राहिली आणि घरांच्या जागी नुसते पायाचे खड्डे. आधी कळस मग पाया म्हणतात तसं. रहिवासी तोवर पलीकडे टिनाच्या शेडमध्ये दिवस काढत होते.

उद्घाटन तोंडावर आलं होतं. सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामच्यावर सही करत होतो, तेवढ्यात त्या इमारतीचा चौकीदार धापा टाकत आला.

"साहेब, ऊपर के खोली म टोनही बइठे हे," तो म्हणाला. मजूर कामावर चढायला तयार नाहीत, असंही म्हणाला.

टोनही म्हणजे चेटकीण. हा शब्द ऐकला की आमच्याकडचा जुना पोलीस हातातला चहा खाली ठेवतो. एखाद्या बाईच्या नावापुढे तो लागला की तिचं डोकं फुटायला वेळ लागत नाही. आता छळ करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा आहे, पण कायदा पोचेपर्यंत काठ्या पोचलेल्या असतात. मी हवालदाराला घेतलं आणि जीप काढली.

इमारतीखाली पन्नासेक माणसं जमली होती. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर कापलेलं लिंबू, चौकटीवर हळदीची बोटं. आत पूर्वेच्या भिंतीपाशी तीन विटांची चूल, तिच्यावरून उतू जाऊन फरशीवर करपलेलं दूध. बाजूला तांदूळ, नारळाची वाटी, मिठाची पुडी. आणि कोपऱ्यात तो झाडू, हळदीकुंकू लावून उभा केलेला.

मजूर दारातून माना वाकवून बघत होते. मला हसू आलं. ती वेळ हसण्याची नव्हती, पण आलं खरं. रायपुरातल्या बूढापारा मोहल्ल्यातलं घर सोडून आम्ही नव्या घरात गेलो, तेव्हा माझ्या आईनं हेच केलं होतं. आधी मीठ आणि झाडू आत न्यायचे, मग दूध उतू घालवायचं. विदर्भातून आलेल्या आमच्या लोकांत कोण करत नाही?

"इथे टोनही नाही," मी हवालदाराला म्हणालो. "इथे कुणीतरी राहायला आलंय."

पण माझं शहाणपण ऐकायला खाली कोणी थांबलं नव्हतं. शेडमधली एक विधवा बाई आदल्या संध्याकाळी जिन्यात दिसली होती, तेवढ्यावर चार-पाच जण तिच्याकडे निघाले होते. आम्ही पोचलो तेव्हा ती शेडच्या दारात पदर खोचून उभी होती आणि समोरच्याच्या हातात फावड्याचा दांडा होता. मी तिला जीपमध्ये बसवलं. अटक नव्हती ती, पण अटक केली असं गर्दीला वाटू दिलं. कधी कधी तेही करावं लागतं.

पन्नाशीची बाई. नवरा मालधक्क्यावर हमाल होता, तो गेलेला. ठाण्यात तिला पाणी दिलं आणि मी मराठीत बोललो, तेव्हा कुठे तिचा आवाज फुटला.

"मले काहून आणलं जी? माह्याच घरात मी दूध उतू घातलं, त्यात काय चोरी केली?"

"ते घर नाही, बाई. सरकारी इमारत आहे. कुलूप कसं तोडलंस?"

"तोडलं नाही. चाबी हाये माह्यापाशी." तिनं कमरेची पिशवी सोडली आणि लाल धागा बांधलेली पितळी किल्ली माझ्यासमोर ठेवली. "सुपरवायझर भैयानं देल्ली. बोर्डावर लिवलंच हाये ना, पुनर्विकास योजना. आमच्याच जागेवर बांधून राहिले. तो म्हणे, ज्यानं आधी पैसे भरले त्याले आधी खोली."

नवऱ्याच्या मागे जे काही गाठीशी होतं, ते तिनं सुपरवायझरच्या हातावर ठेवलं होतं. पावती मागितली नव्हती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आधी तिचाच आला.

"एवढी घाई कशाची होती?"

ती पहिल्यांदा रडली. "पोट्टी सातव्या महिन्यात हाये जी. पहिलं बाळंतपण माहेरीच करा लागते. तिच्या सासूले मी सांगून बसली, घर झालं म्हणून. टिनाच्या शेडात आणू काय तिले?"

तिचा जबाब घेऊन मी सुपरवायझरला बोलावणं धाडलं. ठेकेदाराचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, "साहब, मैं तो उस औरत को पहचानता ही नहीं."

मी अजून कुठल्या बाईचं नाव काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. पण एवढ्यावर कोर्टात काही टिकत नाही. मी त्याला चहा मागवला आणि इकडचं तिकडचं बोललो. खोटं बोलणाऱ्याला आरडाओरडा सोसतो, कारण त्याची त्यानं तयारी केलेली असते. शांतपणे ऐकणारा माणूस समोर बसला की तो जास्त बोलतो, आणि जास्त बोलला की घसरतो.

बाईची किल्ली माझ्या खणात होती. मी ठाण्याच्या कपाटाची लोखंडी किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ती म्हणते, या किल्लीनं दार उघडलं."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "झूठी है साहब! ये तो अलमारी की चाबी है. उसकी तो पीतल की है, लाल धागे वाली."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं. सुपरवायझरनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खण उघडून पितळी किल्ली दाखवली. त्यानंतर त्याला फार विचारावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत शेडमधली आणखी सात-आठ माणसं लाल धाग्याच्या किल्ल्या घेऊन ठाण्यात आली. सगळ्यांना याच इमारतीतल्या खोल्या दिल्या होत्या. एकाला तर सभागृहाशेजारचं स्वयंपाकघर मिळालं होतं आणि तो त्यावर खूश होता.

वरून फोन आला. उद्घाटनाआधी बोभाटा नको, बाईवर अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा दाखल करा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, साहेब, तिला फिर्यादी करून झालं आहे, रोजनामच्यात नोंद पडली आहे. नोंद पडली नव्हती. फोन ठेवला आणि पाडून घेतली.

दुसऱ्या दिवशी मजुरांना त्याच खोलीत नेलं आणि दूध, मीठ, झाडू यांचा अर्थ समजावून सांगितला. चौकीदार सगळ्यात जास्त ओशाळला. "हव साहेब, गलती होगे," म्हणत राहिला. बाईची लेक आली तेव्हा आपली बाज त्यानं स्वतः डोक्यावर वाहून शेडमध्ये नेऊन दिली. हो, लेक शेडमध्येच आली. दवाखान्यात सुटका झाली आणि सव्वा महिना टिनाखाली काढला. आयाबायांनी साड्यांचे पडदे लावले. सासरचे लोक बघून गेले आणि जाताना बाईशी एक शब्द बोलले नाहीत. उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. बंदोबस्त माझाच होता.

खटला उभा राहायला वर्षं गेली. बाई साक्षीला आली तेव्हा मी कोर्टात हजर होतो. सुपरवायझरचा वकील हुशार होता. त्यानं इमारतीचा नकाशा तिच्यापुढे धरला. खोलीत मोरी नाही, चुलीची जागा नाही, नळ नाही, संडास खालच्या मजल्यावर सगळ्यांचा मिळून एकच. अशा खोलीला कुणी शहाणा माणूस घर समजेल का? तू जाणूनबुजून सरकारी जागा बळकावायला निघाली होतीस, असं त्याचं म्हणणं.

मी मान खाली घातली. हाच प्रश्न पहिल्या दिवसापासून माझ्याही मनात होता. एवढं कसं कळलं नाही हिला?

बाईनं नकाशा बाजूला सारला आणि न्यायाधीशांकडे बघून म्हणाली, "साहेब, आमच्या जुन्या क्वार्टरात तरी काय होतं? मोरी नव्हती, नळ नव्हता. संडास सगळ्याईचा एकच होता. तीस वर्षं आमी त्यालेच घर म्हनलं."

वकील खाली बसला. सुपरवायझरला शिक्षा झाली, बाईला पैसे हप्त्याहप्त्यानं मिळाले. घर मात्र मिळालं नाही. मागची घरं पूर्ण झाली तोवर ती हयात नव्हती.

पोलिसाला गुन्हेगार सापडला की प्रकरण सुटलं असं वाटतं. मलाही वाटायचं. या प्रकरणानं मला शिकवलं की माणूस फसतो तो नेहमी हावेपोटी किंवा मूर्खपणापोटी फसत नाही. ज्याला आयुष्यभर कमी मिळालं, त्याला कमी ओळखूच येत नाही, आणि ते त्याला विकणं फार सोपं असतं. पुढे जिथे जिथे नव्या सार्वजनिक इमारतीच्या बंदोबस्ताला उभा राहिलो, तिथे मी साहेब लोकांना एकच विचारायचो: इथे आधी राहणारे कुठे आहेत? वाचनालय हवं, सभागृह हवं, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण त्या प्रश्नावर मला आजवर एकानंही सरळ पत्ता सांगितलेला नाही.