गाडीखालचे भटजी

देवापुढे साष्टांग नमस्कार घालणारे भटजी आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. जीपखाली उताणे झोपणारा भटजी मी मात्र आयुष्यात एकच पाहिला. गाडीची पूजा सांगितली की हे गृहस्थ यायचे, उपरणं खांद्यावरून काढून तुळशीजवळ ठेवायचे, पूजेच्या पिशवीतून शंखाशेजारची टॉर्च आणि एक गोणपाट बाहेर काढायचे आणि बघता बघता गाडीखाली गडप व्हायचे. बाहेर फक्त दोन पाय. यजमान हातात हार घेऊन त्या पायांकडे बघत उभा. पाच मिनिटांनी पाय हलायचे, मग निकाल लागायचा. निकाल चांगला असेल तर भटजी विहिरीवर दोन तांबे डोक्यावर ओतून पूजेला बसत. वाईट असेल तर गोणपाट झटकून सरळ घरी जात.

गोव्यात पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळे त्यांना, चारही चाकांना जोर असलेल्या जीपवरून, 'फोर बाय फोर भट' म्हणत. तोंडावर भटजी, मागून हे. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. राहायचे आमोण्याला, पण वंशपरंपरेची पूजा होती लांबच्या डोंगरावरच्या एका देवळात. तिथे जायला जांभ्या दगडाची चढण. त्या चढणीपायी त्यांनी तरुणपणीच एक छोटी, ताडपत्रीच्या टपाची जीप घेतली होती आणि तिच्या पोटात शिरून शिरून ते पंडित झाले होते. त्यांचं एक वाक्य मी पाठ केलं आहे : "वरसून दिसता ती विकणाऱ्याची गाडी. खालसून दिसता ती घेणाऱ्याची."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या फजितीत. आमची पेडण्याला डोंगरावर काजूची बाग आहे. पूर्वी सिंधुदुर्गातली माणसं हंगामाला येत, बोंडं डोक्यावरून खाली आणत. ती माणसं यायची थांबली. वर जाणारी वाट इतकी अरुंद की ट्रॅक्टर वळत नाही, मोठी जीप दोन कातळांमध्ये अडकते. वडिलांचे गुडघे गेले, त्यांनी तीन वर्षांत बाग पाहिली नव्हती. आणि उंबऱ्यावर रोज एक जमिनीचा दलाल, तोंडात बंगल्यांची स्वप्नं घेऊन. शेवटी वडिलांनी जेवताना जाहीर केलं, "ह्या हंगामात गाडी वर गेली तर बाग आपली. नाय तर मी सही करतंय."

मी छाती ठोकून म्हटलं, गाडी जाणार! आणि दुसऱ्याच दिवशी एक जुनी जीप 'आधी बघा, मग पैसे द्या' या बोलीवर घरी आणली. काय तिचा रुबाब! रुंद टायर, टपावर चार दिवे, पुढे रेडा अडवेल असा लोखंडी गज. गाव जमलं, हार आले, भटजी आले आणि खाली गेले.

"पुढचो शाफ्ट खंय गेलो?" गाडीखालून प्रश्न आला.

मी म्हटलं, "भटजी, फोर व्हीलचा दांडा आहे की आत! हा बघा, पडतोही."

"दांडो हालता रे, पण पुढच्या चाकांक जोर न्हेतलो कोण? शाफ्टच काडून टाकलोसा." भटजी बाहेर आले. "हो दांडो म्हणजे देवळातली घंटा. वाजयली की मन भरता, देव काय उठून येना."

हार गाडीवरून काढून गणपतीला घालावा लागला.  वडील त्या दिवसापासून दलालाला खुर्ची देऊ लागले.

त्यानंतर महिनाभर मी भटजींना घेऊन गाड्या पाहत हिंडलो. त्या महिन्यात मी जे शिकलो ते कुठल्या शाळेत मिळालं नसतं. ते आधी बॉनेटवर हात ठेवत. गरम लागलं की म्हणत, "आधीच चालू करून ठेवलीसा. थंड गाडी सुरू जायना वाटता." तेलाची पट्टी काढून दोन बोटांत तेल घेत, थेट तीर्थ घेतल्यासारखं, आणि ते ताकासारखं पांढुरकं दिसलं की पाणी शिरलंय म्हणून निघत. गाडीवाल्याच्या गोड बोलण्याकडे त्यांचं लक्षच नसे. डिचोलीत एकाने लखलखीत रंगवलेली गाडी दाखवली. "डॉक्टरांची होती. फक्त रविवारी बाहेर काढायचे." भटजींनी चॅसीच्या आतल्या बाजूला बोट घातलं आणि खनिजाच्या धुळीने कुंकवासारखं लाल करून बाहेर काढलं.

"डॉक्टराचो दवाखानो खाणीत होतो काय?"

अशा पाच गाड्या गेल्या. काजूला मोहोर येऊन गेला, बोंडं धरली. आणि एका संध्याकाळी आमच्या पडवीत चहा पिताना वडिलांचा संयम संपला. "भटानू, तुमका एकय गाडी पसंत ना. मग तुमचीच द्या!"

मी जीभ चावली. भटजींनी कप खाली ठेवला. बाहेर त्यांची ती ताडपत्रीची छोटी जीप उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "बघतंय," एवढंच म्हणाले आणि गेले.

तीन दिवसांनी सकाळी आले. गाडी थंड होऊ दिली. मग गोणपाट माझ्या अंगावर फेकलं.

"जा खाली. सांग काय काय मोडलासा."

"भटजी, तुमच्या गाडीत मी काय शोधू?"

"घेणारो तू. जा!"

पन्नाशीला आलेला मी, पांढरा शर्ट घालून, बायको खिडकीत हसत असताना, खाली शिरलो. गिअर बॉक्सखालून तेल पाझरत होतं, ते सांगितलं. पुढच्या चाकाच्या सांध्याचं रबर फाटलं होतं, ते सांगितलं.

"दोन जाली. तिसरा?"

 टॉर्च फिरवत राहिलो. मागच्या चाकाजवळ चॅसीवर वीतभर काळा रंग मला जरा जास्तच काळा वाटला. नखाने खरवडला. आत वेल्डिंगचा जोड.

"हा रंग कोणी लावला?" मी बाहेर डोकं काढून विचारलं.

दुसऱ्यांच्या रंगाला आयुष्यभर हसलेला हा माणूस माडाच्या शेंड्याकडे बघू लागला. "जोड पक्को आसा. पण दिसलो की वायट वाटायचा. म्हणून लावलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तो तुका सापडलो नसतो, तर गाडी घेऊन परत गेलो असतो."

"पण भटजी, तुम्ही देवळात कसे जाणार?"

"पुतण्यो जातलो, मोटारसायकलीन." मग डोळे चोळत म्हणाले, "हल्ली वळण माका दिसना रे. याद आसा म्हणून वळवतंय."

दुसऱ्याच दिवशी डोंगर. पुढच्या सीटवर वडील, स्टीअरिंगवर मी, आणि समोर धोतराचा काष्टा वर खोचून चालणारे भटजी. कुठल्या दगडावर कुठलं चाक ते बोटाने दाखवत. त्या दोन कातळांपाशी मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागेवर फिरली, लाल खडे उडाले, वडिलांनी कुलदेवतेला साद घातली.

"पाय काड!" भटजी ओरडले. "गाडयेक चलाक दी!"

मी पाय उचलला. लहानात लहान गिअरवर ती जीप एकेक चाक टेकवत, शेळीसारखी, दोन्ही कातळांमधून वर गेली. वडील उतरले. एका काजूच्या खोडाला हात लावून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दलालाक सांग, बाग विकूची नाय. नि आधी भटाक चाय दी."

हंगाम संपल्यावर भटजी फोंड्याला मुलीकडे राहायला निघाले. मी त्यांना त्याच जीपमधून सोडायला गेलो. पुढे बसा म्हटलं, तर मागच्या बाकावर जाऊन बसले. "पुढे बसलो की पाय ब्रेक सोधता."

 आमोण्यापासून फोंड्यापर्यंत माझ्या चालवण्याला एक शिवी नाही, एक टोमणा नाही. मला काळजी वाटली, म्हणून आरशात पाहिलं. रस्ता वळला की त्यांचे दोन्ही हात मांडीवर किंचित वळत होते. माझ्या आधी.

मुलीच्या दारात ट्रंक उतरवून मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर थाप मारली.

"चार वळणां बरी घेतलंस."

"आणि बाकीची?"

"ती मी घेतलंय रे," भटजी म्हणाले आणि घरात गेले.