विहिरीची किल्ली

जमिनीला मळी पाजणारी बाई, अशी त्या वस्तीवर माझी ओळख होती. त्यात खोटं काही नव्हतं. नाशिकच्या बाहेर टेकडीआड कारखान्यांचा विषारी गाळ पुरून ठेवायचं एक आवार आहे. तिथल्या एका खड्ड्याखालचं प्लास्टिकचं अस्तर फाटलं आणि गाळातलं क्रोमियम खाली झिरपलं. ते निस्तरायचं काम माझ्या चमूकडे आलं. बिघडलेली माती आम्ही उकरून हलवली, पण भूजलात मिसळलेलं कसं उकरणार? म्हणून जागोजाग बोअर मारून त्यांतून साखर कारखान्यातली मळी खाली सोडायची. मळीवर जमिनीतले जंतू पोसतात आणि त्यांच्या त्या जेवणावळीत क्रोमियमचं विष बरंचसं मोडतं. हे मी आवाराखालच्या वस्तीवर समजावून सांगितलं तेव्हा उताराच्या पहिल्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "आमच्या चहाला साखर नाय, अन् तुम्ही भुईला गोड चारताय व्हय!"

ते विष उतरलेली विहीर त्यांचीच होती. दोन वर्षांपासून बंद. तिच्यावर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, कठड्यावर लाल रंगात धोक्याची खूण. सगळं मीच करून घेतलेलं. पाणी टँकरचं. तरी मावशींनी मला कधी वाकडं बोलून दाखवलं नाही. नमुना घ्यायला गेले की ओट्यावर बसवायच्या, बिनसाखरेचा का होईना पण चहा द्यायच्या, आणि बाटलीत पाणी भरताना माझ्याकडे एकटक बघत राहायच्या. त्यांचा सासरा त्या विहिरीच्या खोदाईवर राबला होता.

विहीर मोकळी करायचा आमचा नियम सोपा होता: लागोपाठ तीन महिने, तीन तपासण्या स्वच्छ आल्या पाहिजेत. पहिली आली. दुसरीही आली. मला आनंद झाला, आणि आनंद झाला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. त्याच सुमारास मावशींची पहिलटकरीण सून बाळंत झाली, मुलगी झाली. तिसरा नमुना घेऊन मी बाटल्या खोक्यात भरत होते तेव्हा मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, पुढल्या शुक्रवारी सव्वा महिना व्हतोय. सुनेला हीर पुजायची हाय. टँकरच्या टाकीला हळदकुंकू वाहू का आता?"

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पुजते. त्यांच्या घरात तर तोवर ती पाण्याच्या भांड्याला शिवत नाही. पाच खडे धुऊन काठावर मांडायचे, त्यांची पूजा करायची, घुगऱ्या वाटायच्या, पहिली ओंजळ बाळंतिणीनं प्यायची आणि भरली कळशी घेऊन घरात शिरायचं. त्याशिवाय ती घरात मिसळली असं होत नाही. मला हे सगळं माहीत होतं. माझ्या मुलीच्या वेळी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंनी मला नळ पुजायला लावला होता आणि मी दिवसभर धुसफुसत होते.

"पुजा खुशाल," मी म्हणाले. "हाही चांगलाच येणार आहे."

आणि जाळीच्या कुलपाची किल्ली मी त्यांच्या हातात ठेवली. अहवाल यायचा होता. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! त्या आधीच्या आठवड्यात पावसाची झड लागली होती आणि विहिरीचं पाणी चांगलं दोन पुरुष वर आलं होतं. पाणी चढलं की वरच्या कोरड्या थरात चिकटून राहिलेलं विष पुन्हा सुटतं, हे मला पाठ होतं. शिकाऊ पोरांना मी ते फळ्यावर चित्र काढून शिकवत असे. त्या दिवशी मात्र मावशींच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्याची मला घाई झाली होती.

शुक्रवारी सकाळी पोळ्या लाटत असताना प्रयोगशाळेतून फोन आला. विहिरीचा आकडा मर्यादेच्या वर होता. फार नाही, पण वर. मी दोनदा विचारलं, नमुना नक्की तोच ना? तोच होता.

मावशींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सगळ्या बायका विहिरीवर असणार आणि फोन घरात कोनाड्यात. पिठाच्या हातानं मी गाडी काढली. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी नेहमीचाच गोंधळ. एक रिक्षा आडवी, तिच्यामागे शाळेची बस, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवतायत. मी काच खाली करून कुणावर तरी इतकी ओरडले की मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. ओरडायला हवं होतं ते स्वतःवर.

वस्तीच्या उतारावर गाडी सोडून मी पळत गेले. जाळी बाजूला काढून ठेवलेली. काठावर पाच खडे, हळदीत न्हालेले. पाच-सहा बायका, आणि मधोमध नवं लुगडं नेसलेल्या मावशी. सून कळशी कमरेला घेऊन उठतच होती. तिची हनुवटी ओली होती.

"पिऊ नका," मी म्हणाले. "पाणी अजून खराब आहे. आजच कळलं. चूक माझी आहे, मी आधी सांगायलाच नको होतं."

एका बाईनं हातातल्या घुगऱ्या परत ताटात टाकल्या. मावशींनी सुनेच्या कमरेवरची कळशी काढून घेतली आणि खाली ठेवली. मला त्या क्षणी भूमीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"ती प्यायली की वो," मावशी म्हणाल्या. "तुमी सांगितलं म्हनून प्यायली."

"एका ओंजळीनं काही होत नाही, मावशी. ती मर्यादा वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यांसाठी असते."

हे खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं. पण बोलताना मलाच ते सारवासारवीसारखं ऐकू आलं.

घरात पोर उठली होती. तिचं रडणं विहिरीपर्यंत येत होतं. सून पळत घरी गेली, आम्ही मागोमाग. तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं, आणि तशीच उभी राहिली. पाजेना. पोर पदर चोखत होती, तोंड फिरवत होती, लालबुंद होऊन टाहो फोडत होती. मावशींनी वाटीत गाईचं दूध आणलं. माझ्या तोंडून "एवढ्या तान्हीला ते नका देऊ" निघालं तशा त्या माझ्याकडे बघून थांबल्या, मग चमचा पोरीच्या ओठाला लावला. तिनं थुंकून टाकलं.

"पाज तिला," मी सुनेला म्हणाले. "माझं ऐक. काही होणार नाही."

पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमाला पोर हाय ना? तुमी पाजलं असतं?"

"पाजलं असतं."

"मागल्या खेपेला बी तुमी असंच सांगितलं व्हतं."

इतकी वर्षं मी लोकांना आकडे सांगत आले आणि लोक मान डोलावत आले. मला वाटायचं, त्यांचा विश्वास आकड्यांवर आहे. तो माझ्यावर होता, आणि मी तो कुलपासारखा काढून ठेवला होता.

शेवटी मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. आकडा सांगितला, ओंजळभर पाणी सांगितलं, आणि फोनचा स्पीकर चालू करून तो सुनेसमोर ठेवला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "एका ओंजळीनं काही होत नाही. पोरीला उपाशी ठेवू नका, लगेच पाजा. विहिरीचं पाणी मात्र पुन्हा घेऊ नका." माझेच शब्द, जवळजवळ जसेच्या तसे. सुनेनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मावशींनी तिला भिंतीशी पाट दिला.

त्या घरात तेव्हा पुरुषमाणूस कुणी नव्हतं. मावशी, शेजारच्या बाया, मी, सगळ्या बायकाच. एवढ्या बायकांत अंगावर पाजायला कुणी आडोसा करत नाही. पाटावर बसता बसता सुनेनं पोरीला जवळ घेतलं, पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे पाठ केली.