कुंकू लावलेली काठी

मलकापूरला गाडीतून उतरलो तेव्हा आमच्या ह्यांच्या अंगावर नवा कोट होता आणि तोंडावर सुतक. मी मनात म्हटलं, अहो, मान घ्यायला निघालाय की कुणाच्या तेराव्याला? सांगलीहून निघाल्यापासून त्यांनी दशम्यांचा डबाही धड उघडला नव्हता.

खरं तर मानाचंच बोलावणं होतं. आईबाप गेल्यावर चुलत्यांनी ह्यांना मोताळ्यापुढच्या एका मठात ठेवलं, आणि दहाव्या वर्षी मामा सांगलीला घेऊन आले. मला ठाऊक होतं ते एवढंच. थोरल्या महाराजांच्या पुण्यतिथीला त्या मठात दर वर्षी एक जुना शिष्य बोलावतात आणि त्याच्या हातून नव्या मुलांना आशीर्वाद देववतात. यंदा ह्यांना पत्र आलं. मी हौसेने कोट शिवून घेतला.

स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग. हवेत इतका कापूस की शिंकून शिंकून माझं नाक लाल झालं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण मोताळ्याच्या एस.टी.ला ते कुणी कळवलं नसावं. खिडक्यांना काचा नव्हत्या. मी सवयीने ह्यांच्या उजवीकडे बसले. डावा कान लहानपणच्या तापात गेला, असं लग्नात सांगितलं होतं. शेजारच्या बाईने बाजाराची वांग्यांची टोपली निम्मी माझ्या मांडीवर ठेवली आणि मुलंबाळं किती, इथपासून चौकशी सुरू केली. वेळ बरा गेला.

मोताळ्याहून पुढे बैलगाडी. ओढ्यात उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि गावात मी अनवाणी शिरले. मठाच्या दारात आताचे महंत केशवबुवा उभे होते. ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, मठातले सोबती. "नारायणा" म्हणून त्यांनी मिठीच मारली. मोठा मायाळू माणूस. माझ्या पायांकडे पाहून आधी गरम पाणी मागवलं, मग रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी समोर बसून वाढली. मी तीन रोडगे खाल्ले. ह्यांनी एकच कुस्करत ठेवला.

जेवणानंतर समाधीच्या दर्शनाला गेलो. पादुकांशेजारी रेशमी कापडावर एक काठी होती, वर्षानुवर्षांच्या कुंकवाने जाड झालेली. थोरल्या महाराजांच्या हातातली. एक बाई मला कौतुकाने म्हणाली, ही डोक्याला लागली की लेकराले विद्या येते. मी भाबडेपणाने हात जोडले. वळून बघते तर हे नाहीत.

ते विहिरीच्या पायरीवर बसले होते. तिथं मला पहिल्यांदा कळलं की ताप वगैरे काही आला नव्हता. श्लोक चुकला की काठी, रडलं की पुन्हा काठी, मग धान्याच्या कोठीत कोंडायचं. कान त्याच काठीने गेला. आठ-नऊ वर्षांचं पोर हो! मला आधी रागच आला, ह्यांचा. पंचवीस वर्षं संसार केला आणि हे मला आज सांगता? मग रडू आलं. म्हटलं, चला, निघू इथून.

"नाही," हे म्हणाले. "उद्या ती काठी माझ्या हातात देतील आणि लेकरांच्या डोक्यावर ठेवायला लावतील. तेव्हाच सांगायचंय, सगळ्यांसमोर. उद्या जमलं नाही तर मरेपर्यंत जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभामंडप भरला. नवी मुलं ओळीत, मागे त्यांच्या आया. केशवबुवांनी काठीला कुंकू लावून ती ह्यांच्या हातात दिली. पहिल्या मुलाने डोकं वाकवलं. मला वाटलं, संपलं, आता नाही बोलायचे.

ते खाली बसले, मुलाच्या उंचीला. मग बोलू लागले, आणि माझ्यासमोर कधी न बोललेल्या वऱ्हाडीत. "ह्या काठीनं माहा कान गेला, माय हो. मले विद्या नाही आली हिच्यानं. मले फक्त भेव आलं." कोठीचंही सांगितलं. मठाचा पुजारी ह्यांना अडवायला पुढे सरसावला, तसे मागून पन्नाशीचे एक शेतकरी उठले, मीही होतो त्या कोठीत म्हणाले आणि खाली न बसता तसेच उभे राहिले. पहिल्या मुलाच्या आईने त्याला मागे ओढून घेतलं होतं.

केशवबुवांचा चेहरा उतरला. "काठी मीच आनून देत होतो," ते म्हणाले. "मनात म्हनो, आपल्याले तं नाही बसत न."

"तवा तू बी पोट्टाच होता, केशव. त्याचा दोष मी तुले देत नाही. पन इतकी वर्सं हिले कुंकू लावलं, ते कोनाच्या भेवानं?"

बुवा ह्यांच्या पायाशी वाकू लागले, तर ह्यांनी पाय मागे घेतले. पाया पडू नको, म्हणाले, जे इथून मार खाऊन गेले त्यांची नावं घे. बुवांनी उपरण्याने काठीचं कुंकू पुसायला घेतलं. ते निघता निघेना. पुसता पुसता ते एकेक नाव घेत गेले, मध्येच अडत, आणि अडले की उभे असलेले ते शेतकरी पुढचं नाव सांगत. अकरा नावं झाली. काठी परत समाधीपाशी गेली नाही. यंदाच्या मुलांना आशीर्वाद नुसत्या हाताने मिळाला. काही म्हातारे रागाने उठून गेले, हेही सांगायला हवं.

पंगतीत ह्यांनी चार रोडगे खाल्ले. मी मोजले.

परतताना वाटत होतं, त्या मायाळू बुवांचा राग यावा, पण धड येत नव्हता आणि जातही नव्हता. अजूनही तसंच आहे. मलकापूरच्या फलाटावर बाकावर मी सवयीने ह्यांच्या उजवीकडे बसायला गेले. ह्यांनी पिशवी उचलून डावीकडे जागा केली.

"बस इकडे," म्हणाले. "ऐकू नाही आलं तर विचारीन."